सरळ दातांची तार

माझ्या मुलीचे दात सरळ होते. तरी पावणेदोन वर्षं तिच्या दातांना तार होती, आणि ती मी लावून घेतली होती. का लावली, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मॅडमकडे मुलीला थेरपीसाठी न्यायचो त्यांनाही नाही. त्यांनी तर मला सरळ विचारलं होतं.

मी चौलकडच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. घर वाडीत, नारळी-पोफळीत. बायको अंगणवाडीत. आम्हाला एकच मुलगी. ती पाचवीत माझ्या शाळेत आली आणि तिच्या वर्गाचं गणित माझ्याच वाट्याला आलं.

शिक्षकाच्या मुलांना आमच्याकडे एक नियम असतो. तो कोणी शिकवत नाही, तो असतोच. घरात बाबा, शाळेच्या फाटकाच्या आत सर. माझे वडीलही शिक्षक होते. पाचवी ते दहावी मी त्यांना सर म्हटलं. एकदा मैदानात पडून गुडघा फुटला तेव्हाही मी ‘सर, सर’ करतच रडलो, असं आमच्या घरी कौतुकानं सांगत. नियमाचा दुसरा भाग असा की आपल्या मुलाला इतरांपेक्षा दोन शब्द जास्त बोलायचे आणि मार्क हात आखडून द्यायचे. नाहीतर लोक म्हणणार, सरांचीच पोर, मग काय. मी तिच्याशी तसाच वागत होतो. चांगला शिक्षक असल्यासारखं वाटायचं.

पहिल्या चाचणीनंतर अपूर्णांक सुरू झाले होते. मी तिला फळ्याजवळ बोलावलं. ती बेरीज करता करता अडली, आणि घरी ओट्याजवळ उभी राहून विचारते तशी मागे वळून म्हणाली, “बाबा, इथं छेद सारखा करायचा ना?”

वर्ग हसला. मीही हसून सोडून देऊ शकलो असतो. मी म्हणालो, “इथं बाबा कोण आहे? मला तर कोणी दिसत नाही.”

वर्ग आणखी हसला. मग मी म्हणालो, सर म्हण, मग सांगतो. ती उभी राहिली. मी फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर पुढचं उदाहरण घेतलं. तास संपेपर्यंत ती तशीच उभी होती. ना बाबा म्हणाली, ना सर. घंटा झाल्यावर तिनं खडू माझ्या टेबलावर ठेवला. तो तिच्या घामानं मऊ झाला होता.

दुसऱ्या दिवशी हजेरीला तिनं हात वर केला, हजर म्हणाली नाही. आठवड्याभरात मैत्रिणींशीही बोलेना. घरी मात्र तोंड बंद नसायचं, त्यामुळे आईला काहीच कळलं नाही. मग सकाळी पोटात दुखायला लागलं. मग उलट्या. मी तिला ओढत नेत होतो आणि बायकोला सांगत होतो की हट्ट आहे, मोडेल. वर्गातल्या एका मुलीनं अंगणवाडीत येऊन सगळा प्रकार सांगितला तेव्हा बायको माझ्यावर ओरडली नाही. “तिनं घरी येऊन तुमची तक्रारसुद्धा केली नाही, कळतंय का तुम्हाला?” एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी बोलावलं. चांगला माणूस. फिरवून फिरवून म्हणाले की अलिबागला लहान वर्गांची एक शाळा आहे, तिला तिथं बरं पडेल. “तुमचीच मुलगी, सर. पालक विचारतात. सरांना घरचं गणित सुटत नाही म्हणतात.” पुढच्या वर्षीपर्यंत बघू, असं ठरलं. म्हणजे तोवर ती शाळेत बोलली तर राहणार, नाहीतर दाखला काढायचा. आमच्या घरात त्या दिवसापासून हेच एक होतं. ती बोलते की नाही.

थेरपीचं बायकोनं ठरवलं. तिला एका प्रशिक्षणात अलिबागच्या एका बाईंचं नाव कळलं होतं. मी अलिबागला नको म्हणालो. अलिबागला कोर्टात, पंचायत समितीत, मेडिकलच्या दुकानात, सगळीकडे माझे विद्यार्थी. जिना चढताना कोणीतरी ‘नमस्कार सर’ म्हणणार आणि वरची पाटी वाचणार. मग मुंबईच्या मॅडमचा पत्ता काढला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की स्कूटरनं रेवस, तिथून लाँचनं भाऊचा धक्का, पुढे टॅक्सी. एक शनिवार सोडून एक. मध्ये एवढा समुद्र असला की कोणाला कळणार नाही, असा माझा हिशोब.

रेवसच्या लाँचमध्ये बसणाऱ्याचा हिशोब असा चुकूच नये. तिथं निम्मी माणसं ओळखीची असतात. आमच्या आळीतले एक काका दर शनिवारी मुंबईला मुलाकडे जायचे. पहिल्याच खेपेला समोर येऊन बसले. “काय सर, लेकीला घेऊन कुठं?”

मी म्हणालो, “दातांचं दाखवायचंय. तार बसवायचीय.”

का दातांचंच सुचलं, माहीत नाही. कदाचित ती तोंड घट्ट मिटून बसली होती म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागली.

मॅडमची खोली छोटी होती. खाली सतरंजी, एका टोपलीत प्लास्टिकची जनावरं, कागद, रंगीत खडू. मला वाटलं होतं त्या तिला बोलतं करतील. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं की इथं बोलायची सक्ती नाही, आणि खरंच एक प्रश्न विचारला नाही. दोघी पाऊण तास जनावरं मांडत बसल्या. शेवटी मुलीला बाहेर बसवून मला म्हणाल्या, “ती बोलत नाही असं नाही, सर. तिला तिथं बोलता येत नाही. भीतीनं गळा आवळतो तसं. यात हट्ट कुठंच नाही.” मला दोन कामं दिली. तिच्या वतीनं उत्तरं द्यायची नाहीत. आणि ‘आज बोललीस का’ हे विचारायचं नाही. सोपी वाटली. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की मी दिवसातून वीस वेळा तिच्या वतीनं बोलतो.

फळ्याजवळचा प्रकार मी दुसऱ्या खेपेला सांगितला. तो सगळ्यांना माहीतच होता, तो सांगायला धाडस लागलं नाही.

चौथ्या खेपेला तिनं एक नारळाचं झाड काढलं. आमच्या वाडीतल्या जुन्या झाडांना चढण्यासाठी बुंध्यात खाचा पाडलेल्या आहेत, त्या तिनं एकेक करून काढल्या. मॅडम मुंबईच्या. त्यांना कळेना. त्यांनी विचारलं, झाडाला लागलंय का? मी तोंड उघडणार होतो. माझं काम आठवलं, गप्प बसलो. त्यांनी पुन्हा चित्र बघितलं आणि खरोखर न कळून म्हणाल्या, की कोणी कुऱ्हाडीनं मारलंय का याला?

मुलीला ते सहन झालं नसावं. ती पुढे झुकली आणि कुजबुजली, “पाय ठेवायला आहेत त्या.”

मॅडमनी आनंद वगैरे दाखवला नाही. “अच्छा. मग खालची खाच एवढी जवळ का?” म्हणाल्या. ती पुन्हा कुजबुजली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो, कारण माझे डोळे भरले होते आणि ते तिला दिसायला नको होते.

परतीच्या लाँचमध्ये ती माझ्या कानाशी लागून बडबडत होती. बाहेरच्या माणसांत, चार महिन्यांत पहिल्यांदा. जनावरांच्या टोपलीतल्या गेंड्याला एक शिंग कमी आहे, असं काहीतरी. तेवढ्यात काका आले. त्यांची चेष्टा तशी निर्मळ असायची.

“सर, चार खेपा झाल्या, तार कुठाय? डॉक्टरनं समुद्रात टाकली का?”

आजूबाजूचे हसले. समोर एक बाई रिकाम्या टोपल्या पायाशी घेऊन बसल्या होत्या. त्या वाकून मुलीकडे बघत म्हणाल्या, “दात तर चांगलं दिसतान पोरीचं. दाखव गो बाय.”

तिनं ओठ आत ओढून घेतले. त्या बाईंनी मग माझ्याकडे पाहिलं. त्यात संशय होता की नव्हता, मला आज सांगता येणार नाही. त्या क्षणी मला होता असं वाटलं. मी म्हणालो, “पुढच्या आठवड्यात बसवतायत.”

रेवस येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात मी तिला अलिबागच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दातांचं दाखवायला अलिबाग चालत होतं. त्यांनी तिला खुर्चीत बसवून नीट तपासलं आणि म्हणाले, “दात छान आहेत. खालचा एक किंचित आत आहे, पण त्याच्यासाठी तार कशाला?”

मी म्हणालो की तिलाच हवी आहे. मैत्रिणींना आहेत, मागेच लागलीय.

डॉक्टर तिच्याकडे वळून हसले. “हो का गं? हवीय तुला तार?”

तिनं माझ्याकडे बघितलं. खुर्चीच्या हाताला तिनं किती घट्ट धरलं होतं ते मला दिसत होतं. ती अनोळखी माणसासमोर बोलू शकत नाही, हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. मानेनंही नाही म्हणू शकली नाही ती. डॉक्टर थांबले. पाच सेकंद तरी थांबले असतील. तेवढ्यात मी म्हणालो, “लाजते हो ती.”

मला जे सांगायचं होतं ते हेच. फळ्याजवळ मी रागावलो होतो, तो राग होता, मूर्खपणा होता. इथं मी शांत होतो. तिला बोलता येत नाही याचा मी वापर केला.

बायकोला मी सांगितलं की डॉक्टर म्हणाले, आत्ताच केलेलं बरं. तिनं विश्वास ठेवला. मुलगी समोर बसून दहीभात गिळत होती, चावता येत नव्हतं. तिनं आईला काही सांगितलं नाही. घरी तर तिला बोलता येत होतं.

पुढच्या शनिवारी लाँचमध्ये काका खूश झाले. “हां, आता कसं!” म्हणून खिशातून चिक्कीचं पाकीट काढून तिच्यापुढे धरलं, मग आठवण होऊन मागे घेतलं. तारेला चालायची नाही म्हणाले, आणि ती स्वतःच फोडून खाल्ली.

त्या दिवशी मॅडमच्या खोलीत ती टेबलाखाली जाऊन बसली. कुजबुज नाही, चित्र नाही. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही. मॅडमनी मला बाहेर बोलावून विचारलं, “मध्ये काही घडलं का? शाळेत, घरी?”

“नाही. दातांना तार लावलीय, दुखत असेल.”

“ही आताच का लावली?”

“डॉक्टर म्हणाले.”

त्यांनी खोलीच्या दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या की मूल नुकतं बोलायला लागलेलं असताना त्याच्या तोंडाशी काही करायचं झालं तर निदान त्याला आधी विचारायला हवं, त्याला नाही म्हणायची संधी हवी. “तिला विचारलं होतं ना?”

मी हो म्हणालो.

दोन महिने गेले त्यात. शाळा संपत आली. मुख्याध्यापकांनी दाखल्याचं पुन्हा काढलं. मी रात्री वर्गाचे पेपर तपासताना तिचा पेपर वरच ठेवायचो. तिची गणितं बहुतेक बरोबर असायची. छेद सारखे केलेले.

मॅडमनी सोडलं नाही. काय चुकलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, तरी त्या पुन्हा पहिल्यापासून लागल्या. घरी बोलते ना, मग घरचा आवाज इथं आणू, म्हणाल्या. बायकोनं फोनवर तिचं वाचन रेकॉर्ड करून दिलं. मुलगी फोन सतरंजीवर ठेवायची, खोलीबाहेर जायची, आणि आत मॅडम तो आवाज ऐकायच्या. मग ती दारात उभी राहायला लागली. मग दार लोटून आत. एका शनिवारी फोनची बॅटरी उतरली होती, तेव्हा उरलेला अर्धा परिच्छेद तिनं तोंडानं वाचला.

मग नारळाचं झाड परत काढलं गेलं, मोठ्या कागदावर. प्रत्येक खाचेपुढे एक काम लिहायचं. किती भीती वाटते त्यावरून खाच खाली की वर, हे तिनं ठरवायचं. एका खाचेवर भीती निम्मी होईपर्यंत तिथंच थांबायचं, हवं तर महिनाभर. घाई करायची नाही, आणि खाली ओढायचंही नाही. मॅडमनी आणखी एक युक्ती शिकवली होती. जे घशात अडकतं ते आधी कागदावर लिहायचं आणि मग म्हणायचं.

सगळ्यांत खालची खाच होती रविवारी शाळेच्या फाटकाशी उभं राहणं. मुख्याध्यापकांनी वर्गाची चावी दिली, शिवाय दाखल्याचं एक वर्ष पुढे ढकललं. मे महिन्यात रिकाम्या वर्गात आम्ही दोघं जायचो. ती माझ्या खुर्चीत बसायची, मी दुसऱ्या बाकावर, गुडघे वर येऊन. ती हजेरी घ्यायची. तारेमुळे तिच्या ‘स’मध्ये शिट्टी वाजायची. प्रत्येक ‘स’ला मी ऐकत होतो. मग एक मैत्रीण आली, मग तिघी. जूनमध्ये सहावीच्या वर्गात ती शेजारणीच्या कानात बोलली. ऑगस्टमध्ये मराठीच्या बाईंना एका शब्दात उत्तर दिलं.

सगळ्यांत वरची खाच मॅडमनी रिकामी ठेवली होती. ती तिनं स्वतः लिहिली. ‘गणिताच्या तासाला बाबा म्हणणे.’

मॅडमनी ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. “तुम्हाला जमेल का?” तिला नाही विचारलं, मला विचारलं. मी हो म्हणालो. नंतर कित्येक तासांना वर्गात शिरेपर्यंत माझ्या हातातला खडू घामानं मऊ झालेला असायचा. तेव्हा मला कळलं की ती वर्षभर रोज सकाळी काय घेऊन फाटकातून आत येत होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा होता. मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

“बाबा.”

वर्ग एकदम शांत झाला. त्यांना सगळ्यांना मागचं आठवत होतं. मी वळलो. ती उभी होती, दोन्ही हात बाकावर, ओठ किंचित उघडे, आत तार.

“हां, बाळा,” मी म्हणालो.

“तिसऱ्या गणितात कंस आधी सोडवायचा ना?”

“आधी कंस.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ती बसली आणि वहीत लिहायला लागली. मी फळ्याकडे वळलो खरा, पण पुढची दोन मिनिटं नुसता पुसत होतो.

दाखला काढला नाही. सातवीत तार निघाली. आता ती अलिबागला अकरावीला आहे. गर्दीत अजून अडखळते. अडखळली की थांबते, घाई करत नाही, पुन्हा बोलते. मैत्रिणीच्या बहिणीला शाळेत जायचं भय बसलं तेव्हा हिनंच तिच्या आईला समजावलं, की हट्ट म्हणू नका, काकू. मी पलीकडे पेपर वाचत होतो, पेपर वरच धरून ठेवला.

गेल्या महिन्यात आम्ही तिघं ओटीवर सुपारी सोलत बसलो होतो. मुलगी मैत्रिणीबद्दल सांगत होती, तिला या वयात तार लागलीय. बायको म्हणाली, “तुझं बाबांनी लवकर केलं म्हणून बरं. बघ, दात कसे ओळीत बसले.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून पाहिलं होतं तसं नाही. शांतपणे, मोठ्या माणसासारखं, थोडं सांभाळून घेतल्यासारखं. मग आईला म्हणाली, “हो.” आणि पुढची सुपारी घेतली.

म्हणजे तिच्या सगळं लक्षात आहे. दहा वर्षांची होती, डॉक्टर बोलले ते तिनं ऐकलं होतं. गेली पाच वर्षं तिला कुठंही, कोणाशीही बोलता येतंय, आणि ही एकच गोष्ट ती माझ्यासाठी बोलत नाही. तिला इतकी माणसं मिळून बोलायला शिकवत होती, आणि मी तिला एक जागा गप्प राहायला दिली.

मॅडमच्या युक्तीप्रमाणे मी हे आधी कागदावर लिहिलं. तोंडानं अजून म्हटलेलं नाही. तिच्या आईसमोर, तिच्याकडे बघून, मोठ्यानं मला तिला एवढं सांगायचं आहे: तुझे दात सरळ होते, मी लोकांना घाबरून खोटं बोललो, आणि तुला नाही म्हणता येत नव्हतं हे मला माहीत असताना ती तार लावली. एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.